टोचन लावलेल्या गाडीची जबानी

चारही चाके जमिनीवर टेकलेली, इंजिन बंद, पुढच्या हुकात दोर किंवा लोखंडी दांडा अडकविलेला आणि स्टिअरिंगवर जीव मुठीत धरून बसलेला एक माणूस, अशा स्थितीत एक वाहन दुसऱ्याच्या मागून ओढत नेणे याला आपल्याकडील गॅरेजांतून 'टोचन' म्हणतात. झोपलेल्या गाडीचे ओढल्याने काय बिघडावयाचे, इंजिन थंड आहे, गिअर न्यूट्रलमध्ये आहे, फिरतात ती नुसती चाके, अशी मालकांची सार्वत्रिक समजूत असते. फोर-व्हील-ड्राइव्ह पिकअपच्या मालकाला ही समजूत विशेष महाग पडते. कारण त्या गाडीत गिअरबॉक्सच्या मागे आणखी एक पेटी असते आणि ओढताना त्या पेटीचा लिव्हर कोठे होता, यावर साऱ्या पुढील प्रकरणाचा निकाल अवलंबून असतो.

ही पेटी म्हणजे ट्रान्सफर केस. दुसऱ्या महायुद्धातील विलिसच्या जीपने तिची ओळख जगाला करून दिली आणि 1949 साली महिंद्रांच्या माझगावच्या कारखान्यातून त्याच घराण्याच्या जीपगाड्या जुळून बाहेर पडू लागल्या, तेव्हापासून ती महाराष्ट्रातील मिस्त्र्यांच्याही हाताखालची झाली. गिअरबॉक्सकडून आलेली गती पुढच्या व मागच्या आसांना वाटून देणे, हवी तेव्हा ती संथ व बलवान करणे आणि न्यूट्रलमध्ये चाकांचा गिअरबॉक्सशी असलेला संबंध पार तोडून टाकणे, ही तिची तीन कामे. टोचनाच्या वेळी मोलाचे ठरते ते हे तिसरे काम. ट्रान्सफर न्यूट्रलला आणि गिअरबॉक्स मात्र गिअरमध्ये, अशी व्यवस्था केली म्हणजे चाके कितीही फिरोत, गिअरबॉक्सचे दांडे जागचे हलत नाहीत.

नेमके हेच घाईत राहून जाते. गिअर न्यूट्रलला टाकला म्हणजे झाले, असे समजून ट्रान्सफर टू-व्हील किंवा फोर-व्हीलमध्ये तसाच सोडला की चाके प्रोपेलर शाफ्टला, प्रोपेलर शाफ्ट ट्रान्सफरला आणि ट्रान्सफर गिअरबॉक्सच्या मेन शाफ्टला फिरवू लागतो. गिअरबॉक्सच्या तळाशी तेल असते खरे. पण ते वर उडविण्याचे काम खालच्या काउंटर शाफ्टचे, आणि काउंटर शाफ्ट फिरतो तो इंजिनाच्या बाजूने. इंजिन बंद, म्हणून तो स्तब्ध. त्याच्या दात्यांशी जुळलेले वरचे गिअरही स्तब्ध, आणि त्यांच्या पोटातून जाणारा मेन शाफ्ट मात्र कोरड्या निडल बेअरिंगांवर मैलोगणती भिरभिरत राहतो. ऑटोमॅटिक गिअरबॉक्सची दैना याहून मोठी, कारण तेथे तेलाचा पंपच इंजिनावर चालतो. टोचनाने होणारी बहुतेक हानी ओढण्याच्या जोराने होत नाही, तेलाच्या अभावाने होते, आणि म्हणून निदान करणाऱ्याने तुटले काय हे विचारण्यापूर्वी फिरत काय होते आणि थांबले काय होते, हे विचारावे, असे माझे ठाम मत आहे.

ट्रान्सफर न्यूट्रलमध्ये असला तरी त्या पेटीच्या स्वतःच्या तेलाचा प्रश्न उरतोच. मारुती जिप्सीचे जे भावंड परदेशात सुझुकी सामुराई या नावाने विकले जाई, ते ओढून नेताना दर 200 मैलांनी थांबून, ट्रान्सफर न्यूट्रललाच ठेवून व गाडी गिअरमध्ये घालून इंजिन थोडा वेळ चालवावे, अशी सूचना होती. हेतू एवढाच की वरच्या दात्यांना पुन्हा तेल मिळावे. याच्या उलट टोकाचा अपघात म्हणजे लो रेंज आणि पहिला गिअर लागलेला असताना गाडी ओढणे. युद्धकालीन जीपचा हिशेब घ्या: पहिला गिअर 2.66, लो रेंज 1.97, आसाचे प्रमाण 4.88; यांचा गुणाकार साडेपंचविसांच्या घरात जातो. ताशी 40 किलोमीटर वेगाने चाके मिनिटाला सुमारे 300 फेरे घेतात, म्हणजे इंजिनाला साडेसात हजारांवर फेरे घ्यावे लागतील, आणि ते इंजिन बांधलेले चार हजारांच्या मानाने. क्लच दाबून धरला तरी सुटका नाही. मग तेच फेरे क्लचप्लेटच्या वाट्याला येतात आणि ती फुटते.

अशा तपासाचा एक प्रसंग मी जवळून पाहिला आहे. खंबाटकी घाटाच्या पायथ्याशी बंद पडलेली एक फोर-व्हील-ड्राइव्ह पिकअप टोचन लावून साताऱ्यापर्यंत आणली होती. मूळ दोष डिझेलच्या नळीचा होता, तो तासाभरात निघाला. पण गाडी सुरू झाल्यावर चालताना किंचाळू लागली. मिस्त्री वयस्कर होते. त्यांनी पान्याला हात लावण्यापूर्वी ड्रायव्हरची जबानी घेतली.

"टोचन लावताना छोटा लिव्हर कुठं होता?"

"बघितला नाही, मालक. मोठा न्यूट्रलला होता."

"आणि वाटेत कुठं थांबलात?"

"कुठंच नाही."

मग मिस्त्री गाडी घेऊन मोकळ्या रस्त्यावर गेले, मी शेजारी बसलो. पहिल्या, दुसऱ्या, तिसऱ्या गिअरमध्ये तो कर्कश स्वर चढत गेला आणि चौथा पडताच एकाएकी नाहीसा झाला. त्यांनी पुन्हा तिसरा टाकला, पुन्हा चौथा. चौथ्यात इनपुट शाफ्ट आणि मेन शाफ्ट थेट जोडले जाऊन एकाच वेगाने फिरतात. म्हणून मेन शाफ्टचे टोक इनपुट शाफ्टच्या पोटात ज्या छोट्या बेअरिंगवर टेकलेले असते, ते बेअरिंग तेवढ्या एकाच गिअरमध्ये स्वस्थ असते. दोष क्राऊन-पिनियनमध्ये असता तर स्वर चारही गिअरांत सारखा राहिला असता आणि गाडीच्या वेगाबरोबरच चढला-उतरला असता. पेटी न उघडता, केवळ स्वराच्या असण्यानसण्यावरून एका बोटभर बेअरिंगपर्यंत पोहोचणारी ही विद्या मला फार आदरणीय वाटते.

गॅरेजमध्ये परतल्यावर त्यांनी प्रोपेलर शाफ्टचे क्रॉस हाताने पिळून पाहिले; कारण ट्रान्सफर फोर-व्हीलमध्ये राहिला असेल तर डांबरी वळणांवर पुढच्या-मागच्या चाकांची ओढाताण क्रॉसांवर येते. ते शाबूत निघाले. मग ड्रेन प्लग उघडून तेल पत्र्याच्या पसरट भांड्यात घेतले. ते काळपट होते, त्याला करपल्याचा वास होता, आणि उन्हात धरताच त्यात पितळेचे बारीक पिवळे कण चमकले. प्लगच्या चुंबकावर राखाडी लगदा सर्वच गाड्यांत सापडतो, त्याची चिंता नसते. पितळ चुंबकाला धरत नाही, ते तेलातच पाहावे लागते, आणि ते सिंक्रोनायझरच्या कड्यांचे असते.

दुसऱ्या दिवशी पेटी उघडली. मेन शाफ्टचे टोक निळे पडले होते, बेअरिंगचा पिंजरा तुटला होता आणि त्यातले रोलर पेन्सिलीच्या टोकासारखे एका बाजूने झिजले होते. मिस्त्र्यांनी ते फडक्यावर ओळीने मांडले, पिंजऱ्याच्या खाचा मोजल्या, रोलर पुन्हा मोजले. एक कमी होता. नवे बेअरिंग आणावयास निघालेल्या पोराला त्यांनी थांबविले, चुंबक मागून घेतला, आणि आदल्या दिवशीच्या तेलाचे भांडे जवळ ओढून ते त्यात तळापर्यंत चाचपू लागले.