वाटेवरचे क्रूस

केज तालुक्यातल्या युसूफ वडगावहून बीड, अहिल्यानगर, पुणे करत मुंबई गाठायची, तर रस्त्याच्या कडेला शेंदूर फासलेले मारुती, म्हसोबा, मधेच एखाद्या पिराचा हिरवा झेंडा दिसत राहतो. क्रूस मात्र शोधावा लागतो. नगर भागातली ख्रिस्ती वस्ती काही नवी नाही. अमेरिकन मराठी मिशन तिथं १८३१ पासून होतं. पण ते मिशनरी प्रोटेस्टंट. त्यांनी शाळा काढल्या, देवळं बांधली. वाटेवर क्रूस उभारून त्याला हार घालणं त्यांच्या शिस्तीत बसणारं नव्हतं.

क्रूस भेटतो तो पोर्तुगीजांच्या जुन्या मुलखात. वसई १५३४ मध्ये त्यांच्याकडे गेली, १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी घेतली. राज्य गेलं, कॅथलिक गावं राहिली आणि त्यांच्या वळणावळणावरचे क्रूसही. गोव्यात महामार्ग सोडून गावात शिरलात की तेच. दोनतीन पायऱ्यांचा चौथरा, त्यावर चुना दिलेला जांभ्याचा खुरीस, पायथ्याशी मेणबत्तीच्या काजळीनं काळा पडलेला कोनाडा, हातांवर झेंडूची माळ.

क्रूसाचं फेस्त बहुधा मे महिन्यात. ३ मे हा क्रूस सापडल्याचा सण रोमनं १९६० मध्ये पंचांगातून काढला. गावांनी काही तो सोडला नाही. सुट्टीला मुंबईकर आलेले असतात, पाऊस अजून लांब असतो, मग कोण सोडेल? संध्याकाळी वाड्यातली माणसं जमून लदीन ही प्रार्थना गातात. पाद्री असलाच पाहिजे असं नाही. नंतर उकडलेले चणे वाटतात आणि घोटभर फेणीही. मला तर या क्रूसांची खरी मालकी इथंच कळते: चर्च पाद्रीबाबांचं, क्रूस वाड्याचा.

मुंबईत माझगावची माथारपाखाडी, गिरगावची खोताचीवाडी, वांद्र्याच्या गल्ल्या इथले बरेच क्रूस साथीच्या भीतीतून उभे राहिले. सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवीत प्लेग असल्याचं डॉ. अकासियो व्हिएगस यांनी ओळखलं. प्लेगची लस बनवणाऱ्या हाफकिननं ती स्वतःला टोचून घेतली १० जानेवारी १८९७ ला. तोवर, आणि नंतरही, लोकांच्या हातात नवसच होता. आमच्याकडे पटकी आली की वेशीवर मरीआईला साकडं घालत. इथं गावठाणाच्या तोंडाशी क्रूस बसवला. भीती तीच, वेसही तीच.

वाचलेल्यांनी चौथऱ्यावर साल कोरलं. आज त्याचा उपयोग वेगळाच होतो. सार्वजनिक जागेवर नवं धार्मिक बांधकाम होऊ देऊ नका, असा आदेश सर्वोच्च न्यायालयानं २९ सप्टेंबर २००९ रोजी दिला. राज्यातही जुन्या-नव्याची छाननी सुरू झाली, आणि रस्तारुंदीच्या आड येणारा क्रूस कधीचा हे दाखवायची पाळी गावठाणावर आली. सातबारा, सिटी सर्व्हेचा उतारा यांत क्रूसाची नोंद असेलच असं नाही. मग माणसं चौथऱ्यावरचा चुना खरवडून सालाचा फोटो काढतात आणि अर्जाला जोडतात. दर फेस्ताला नवा हात देऊन देऊन काही ठिकाणी ते आकडे पार बुजून गेलेले असतात.