रुळांच्या कडेची एक खोली

भारतातून पाहुणे आले की आपल्या मंडळातल्या प्रत्येक घरी एक ठरलेला कार्यक्रम असतो. टॉवर ऑफ लंडन, बकिंगहॅम राजवाडा, मादाम तुसाँचे मेणाचे पुतळे आणि सवड झालीच तर स्ट्रॅटफर्डला शेक्सपिअरचं घर. १९९६ च्या उन्हाळ्यात माझे आईवडील आले, तेव्हा आम्ही न्यूकॅसलला राहत होतो. लंडनवारी आटोपून परत आल्यावर अण्णा चहा पिता पिता म्हणाले, "अगं, स्टीफन्सनचं गाव इथून जवळ आहे ना? तिकडे नाही का न्यायचंस मला?"

मी अगदी ओशाळले. जिथे जॉर्ज स्टीफन्सन जन्मला ते वायलम आमच्यापासून जेमतेम दहा मैलांवर होतं आणि इतक्या वर्षांत मी तिकडे फिरकलेही नव्हते. अण्णांना मात्र कल्याणला बसून ते ठाऊक होतं. ठाऊक असणारच. त्यांचा जन्म रेल्वेत गेला. मध्य रेल्वेत खलाशी म्हणून लागले आणि फिटर होऊन निवृत्त झाले.

शनिवारी आम्ही गाडीनेच निघालो. वायलमचं स्टेशन १८३५ सालचं. स्टेशनातून बाहेर पडलं की टाइन नदीवरचा पूल ओलांडायचा, गाव मागे टाकायचं आणि नदीकाठाने पूर्वेकडे चालत जायचं. घरापर्यंत मोटार जात नाही. वाटेवर सायकलवाले, कुत्री फिरवणारी माणसं, दोन्ही बाजूंना झाडी. अण्णा सारखे खाली पाहत चालले होते. "काही पडलं का?" असं आईने विचारलं तर म्हणाले, "रूळ शोधतोय."

त्यांचं बरोबर होतं. आम्ही चालत होतो ती रुळांचीच वाट होती.

इथे थोडा इतिहास सांगते, कारण आपल्यापैकी बऱ्याच जणांच्या मनात शाळेतल्या किटलीची गोष्ट आणि स्टीफन्सन यांची सरमिसळ झालेली असते. ती किटली जेम्स वॉटची. वाफेचं इंजिन स्टीफन्सनने शोधलं नाही आणि रूळही त्याने शोधले नाहीत. रूळ त्याच्या जन्माच्या आधीपासून त्याच्या दाराशी होते.

वायलमला कोळशाची खाण होती. माल लंडनला जायचा तो समुद्रमार्गे. पण इथे नदी उथळ, मोठी गलबतं वर येत नसत. म्हणून १७४८ च्या सुमारास खाणीपासून खाली लेमिंग्टनच्या धक्क्यापर्यंत सुमारे पाच मैलांचा लाकडी रुळांचा मार्ग घातला गेला. चिखलाच्या रस्त्यावर घोड्याला जे ओझं ओढवत नाही, ते गुळगुळीत रुळांवर सहज ओढवतं, कारण घर्षण कमी होतं. अशा मार्गावर एक घोडा जवळजवळ अडीच टनांहून अधिक कोळसा भरलेली वाघीण ओढायचा. म्हणजे रेल्वे आधी आली आणि इंजिन तिच्यावर मागाहून चढलं!

या मार्गाला अगदी खेटून १७६० च्या सुमारास खाणकामगारांसाठी एक दगडी घर बांधलं गेलं. बाहेरून पाहिलं तर चांगलं दुमजली, पांढऱ्या भिंतींचं, लाल कौलांचं. कोण्या बऱ्या शेतकऱ्याचं वाटावं असं. पण त्यात चार कुटुंबं राहायची, प्रत्येकी एक खोली. त्यातल्या एका खोलीत ९ जून १७८१ रोजी जॉर्ज जन्मला. वडील खाणीतलं पाणी उपसणाऱ्या इंजिनावर कोळसा घालणारे. पोरांना शाळेत घालण्याइतका पैसा नाही. जॉर्ज आठ वर्षांचा होईपर्यंत हे कुटुंब इथे राहिलं, मग काम गेलं तिकडे बिऱ्हाड गेलं. लहानपणी त्याला दिवसाला दोन पेन्सवर गुरं राखायचं काम मिळालं. गुरं वाघिणींच्या वाटेवर जाऊ द्यायची नाहीत, एवढीच त्याची पहिली रेल्वेची नोकरी!

वाचायला-लिहायला तो अठराव्या वर्षानंतर शिकला, तेही दिवसभराचं काम संपल्यावर रात्रीच्या शाळेत.

घर तेव्हा नॅशनल ट्रस्टच्या ताब्यात होतं आणि आजही आहे. त्या दिवशी तीच एक खोली पाहायला उघडी होती. चूल, पलंग, खिडकी. त्या काळासारखी मांडणी. आई दारातूनच म्हणाली, "एवढीशीच?" अण्णा आत गेले. एका भिंतीपासून दुसऱ्या भिंतीपर्यंत पावलं मोजली. मग खिडकीशी उभे राहून बाहेरच्या वाटेकडे बराच वेळ पाहत राहिले.

त्या खिडकीसमोरून पुढे १८१३-१४ च्या सुमारास 'पफिंग बिली' धावलं. खाणीचे व्यवस्थापक विल्यम हेडली आणि त्यांच्या कारागिरांनी बनवलेलं हे इंजिन आज लंडनच्या सायन्स म्युझियममध्ये आहे. टिकून राहिलेल्या वाफेच्या रेल्वे इंजिनांत ते सर्वांत जुनं. त्याआधी १८०४ मध्ये वेल्समध्ये रिचर्ड ट्रेव्हिथिकचं इंजिन रुळांवरून धावलं होतं. पण सगळ्यांची अडचण एकच. इंजिन चालायचं आणि त्याच्या वजनाने बिडाचे रूळ मोडायचे.

स्टीफन्सनचं मोठेपण इथे आहे, हे मला अण्णांनी परतीच्या वाटेवर समजावलं. किलिंगवर्थच्या खाणीवर १८१४ मध्ये त्याने आपलं पहिलं इंजिन चालवलं. पण इंजिनाइतकंच लक्ष रुळांकडे दिलं. सुधारलेल्या बिडाच्या रुळांचं १८१६ मधलं एक पेटंटही त्याच्या नावावर होतं. पुढे स्टॉक्टन-डार्लिंग्टन मार्गाचं काम आलं, तेव्हा घडीव लोखंडाचे नवे रूळ अधिक चिवट आहेत हे त्याला पटलं. ते दुसऱ्याचे होते. तरीही त्याने आपल्या पेटंटचा फायदा सोडून त्यांचीच शिफारस केली. २७ सप्टेंबर १८२५ ला तो मार्ग सुरू झाला. "फिटर माणूस," अण्णा म्हणाले, "स्वतःच्या नावापेक्षा काम नीट बसतंय का, ते बघणार."

या घरापासून आपल्या घरापर्यंतही एक धागा येतो. जॉर्जची बायको १८०६ मध्ये वारली, तेव्हा मुलगा रॉबर्ट तीन वर्षांचाही झाला नव्हता. आपल्याला जे मिळालं नाही ते याला मिळायला हवं, म्हणून बापाने त्याला न्यूकॅसलच्या चांगल्या शाळेत घातलं. मुलगा पुस्तकं घरी आणायचा आणि संध्याकाळी बापलेक मिळून वाचायचे. किलिंगवर्थच्या त्यांच्या घराच्या दारावर दोघांनी मिळून केलेलं सूर्यघड्याळ आहे, त्यावर ११ ऑगस्ट १८१६ ही तारीख कोरलेली आहे. हा रॉबर्ट पुढे ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचा सल्लागार अभियंता झाला आणि त्याचा शिष्य जेम्स बर्कली मुंबईला मुख्य अभियंता म्हणून आला. १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून ठाण्याला पहिली प्रवासी गाडी निघाली. एका खोलीत जन्मलेल्या माणसाचा हा मुलगा १८५९ मध्ये वारला, तेव्हा त्याला वेस्टमिन्स्टर ॲबीत जागा मिळाली.

बर्कलीने आखलेला बोरघाटाचा मार्ग १८६३ मध्ये खुला झाला. तो दिवस पाहायला बर्कली उरला नाही, आदल्याच वर्षी गेला. घाटाचं काम ऐन भरात होतं तेव्हा तिथे चाळीस हजारांवर मजूर राबत होते. पटकी आणि तापाने किती गेले! त्यांची वस्ती कुठे होती, ते कसे राहत होते, याची खूण आज डेक्कन क्वीनच्या खिडकीतून दिसत नाही.

वाटेतल्या बाकावर आईने डबा उघडला. अण्णांनी घराचं माहितीपत्रक मागून घेतलं, पालथं केलं आणि माझ्या पेनाने त्यावर रेघा मारू लागले. "आपली कल्याणची खोली याच्याहून फूटभर मोठीच होती," ते म्हणाले. चूल इथे, पाण्याचा पिंप इथे, आजीची गादी इथे, दिव्याखाली तू अभ्यासाला बसायचीस ती जागा इथे. आम्ही सात जण झोपायचो कसे, तेही आखून दाखवलं. खिडकीबाहेर दोन समांतर रेघा मारल्या आणि लिहिलं, 'रूळ, ५ फूट ६ इंच'. आपल्याकडची ब्रॉड गेज. स्टीफन्सनची ४ फूट साडेआठ इंच.

"हे घर ठेवलंय त्यांनी," अण्णा म्हणाले. "आपली चाळ कोण ठेवणार?" तक्रारीचा सूर नव्हता. माणूस गाडीची वेळ विचारतो तसं विचारलं.

अण्णा जाऊन आता बरीच वर्षं झाली. चाळही पाडली. २०२५ मध्ये स्टॉक्टन-डार्लिंग्टनची दोनशे वर्षं इथे थाटात साजरी झाली, तेव्हा मी ते माहितीपत्रक कपाटातून काढलं. घड्यांवर फाटायला आलं आहे, शाई फिकट झाली आहे, पण आजीची गादी कुठे ते अजून वाचता येतं.

तेव्हा मंडळी, पाहुणे आले की वायलमलाही जरूर न्या. घर कधी उघडं असतं ते आधी विचारून घ्या. बंद असलं तरी वाट सुंदर आहे आणि बाहेरून घर दिसतंच. आणि बरोबर एक कोरा कागद आणि पेन असू द्या.