जुने पिस्तूल घेताना : आधी कायदा, मग कागद, शेवटी किंमत

गंजाने खाल्लेले आणि एकही गोळी झाडण्याच्या स्थितीत नसलेले एक रिव्हॉल्व्हर जून २०१९ मध्ये पॅरिसच्या लिलावात १ लाख ६२ हजार ५०० युरोंना विकले गेले. चित्रकार व्हिन्सेंट व्हॅन गॉग याने १८९० मध्ये ज्या शस्त्राने स्वतःवर गोळी झाडून घेतली ते हेच असावे, असे मानले जाते. त्यापूर्वी २०१६ मध्ये कवी पॉल व्हर्लेन याचे रिव्हॉल्व्हर ४ लाख ३४ हजार ५०० युरोंना गेले होते. १८७३ मध्ये ब्रुसेल्स येथे त्याने याच शस्त्राने आपला मित्र, कवी आर्थर रँबो याला जखमी केले होते. दोन्ही शस्त्रे त्या काळी साधी, बाजारात सहज मिळणारी होती. खरेदीदारांनी पैसे मोजले ते लोखंडाचे नव्हे, तर त्यामागील इतिहासाचे. या क्षेत्रात नव्याने उतरणाऱ्या गुंतवणूकदाराने हा पहिला धडा मानावा. भारतातील खरेदीदारासाठी मात्र त्याच्याही आधी एक पायरी आहे, ती म्हणजे कायदा.

केवळ जुने असणे पुरेसे नाही

अमेरिकेच्या संघीय कायद्यात १८९८ पर्यंत बनलेली शस्त्रे 'प्राचीन' मानली जातात. भारतात असे ठरावीक वर्ष नाही. शस्त्र अधिनियम, १९५९ च्या कलम ४५ नुसार कालबाह्य पद्धतीचे, पुरातन मूल्याचे किंवा नादुरुस्त शस्त्र कायद्याच्या कक्षेबाहेर राहते. पण ते दुरुस्ती करून किंवा न करताही बंदूक म्हणून वापरता येणारे नसावे, अशी अट आहे. म्हणजेच दीडशे वर्षांचे पिस्तूल थोड्या दुरुस्तीने चालू होणार असेल, तर परवाना आवश्यक ठरतो. विनापरवाना बाळगल्यास तुरुंगवासाची शिक्षा होऊ शकते.

म्हणून 'हे शोभेचे आहे, परवाना लागत नाही' या विक्रेत्याच्या तोंडी आश्वासनावर विसंबू नये. शहरात पोलीस आयुक्तालय आणि जिल्ह्यात जिल्हाधिकारी कार्यालय येथील परवाना शाखेकडे आधी लेखी विचारणा करावी. वाड्यात पिढ्यान्‌पिढ्या पडून असलेल्या पिस्तुलालाही हाच नियम लागू आहे. परवान्याची कटकट नको म्हणून नळी कापणे किंवा छिद्रे बुजवणे हे उद्योग घरी करू नयेत. त्याने कायदेशीर प्रश्न सुटेलच असे नाही, किंमत मात्र हमखास जाते.

दुसरा कायदा १९७२ चा, पुरावशेषांविषयीचा. शंभर वर्षांहून जुनी कलात्मक वा ऐतिहासिक वस्तू खासगी व्यक्तीला देशाबाहेर पाठवता येत नाही, आणि अशा वस्तूंचा व्यापार करणाऱ्याकडे परवाना असावा लागतो. परदेशातील लिलावांचे आकडे वाचून हुरळून जाणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावे. येथे घेतलेली अशी वस्तू येथेच विकावी लागते आणि येथील ग्राहकवर्ग मर्यादित आहे.

अस्सल कसे ओळखावे?

जुन्या पिस्तुलांचे ढोबळ प्रकार तीन. पहिला तोड्याचा, दुसरा चकमकीचा आणि एकोणिसाव्या शतकात रूढ झालेला तिसरा टोपीचा. चकमकीची अनेक पिस्तुले पुढे टोपीची करण्यात आली. अशा बदललेल्या पिस्तुलाला कमी भाव मिळतो, म्हणून काही जण ते पुन्हा चकमकीचे 'बनवून' मूळचे असल्याचे भासवतात. नव्या खुणा, न जुळणारे स्क्रू, इतर भागांपेक्षा वेगळा दिसणारा धातू यावरून संशय घ्यावा.

ईस्ट इंडिया कंपनीच्या शस्त्रांवर सुरुवातीला बदामाच्या आकाराचे चिन्ह आणि एकोणिसाव्या शतकाच्या आरंभापासून सिंहाचे चिन्ह असे. मात्र याच चिन्हांच्या नकला पर्यटकांसाठी मोठ्या प्रमाणावर बनवल्या जातात. त्यामुळे चिन्ह हा एकमेव पुरावा मानू नये. रिव्हॉल्व्हरच्या नळीवर, सांगाड्यावर व फिरत्या चक्रावर क्रमांक असतील तर ते परस्परांशी जुळतात का, हे पाहावे. घासूनपुसून चकाचक केलेल्या पिस्तुलापेक्षा काळाची छटा टिकवून असलेले पिस्तूल जाणकार अधिक पसंत करतात. नजर तयार होण्यासाठी मुंबईचे छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय आणि पुण्याचे राजा दिनकर केळकर संग्रहालय येथील जुनी शस्त्रे वारंवार पाहावीत. त्याला तिकिटाखेरीज खर्च नाही.

एक इशारा महत्त्वाचा. ठासणीची जुनी शस्त्रे अनेकदा दारू व गोळी भरलेल्या अवस्थेतच सापडतात. शतकानंतरही ती धोकादायक असू शकतात. चाप ओढून पाहण्याचा मोह टाळावा आणि तपासणी तज्ज्ञाकडूनच करून घ्यावी.

हिशेब कसा मांडावा?

पिस्तुलावर व्याज नाही, लाभांश नाही. विक्री होईल तेव्हाच पैसा दिसतो. शिवाय लिलावगृहाचे शुल्क वेगळे. वर उल्लेखलेल्या व्हॅन गॉगच्या रिव्हॉल्व्हरची बोली १ लाख ३० हजार युरोंवर थांबली होती. उरलेले ३२ हजार ५०० युरो शुल्काचे होते. म्हणजे भाव पंचवीस टक्के वाढला तरच खरेदीदाराची मुद्दल वसूल होणार, आणि विकतानाचे शुल्क पुन्हा निराळे.

नवख्याने म्हणूनच दहा किरकोळ नगांऐवजी एकच चांगला नग घ्यावा. पूर्वीचे मालक, पावत्या, जुनी छायाचित्रे, दुरुस्तीची माहिती आणि परवाना शाखेचे उत्तर एका फाइलमध्ये जपावे. जी रक्कम दहा वर्षे लागणार नाही तेवढीच यात घालावी. विक्रेता कागद दाखवण्यास टाळाटाळ करत असेल, तर पिस्तूल कितीही देखणे असले तरी रिकाम्या हाताने परतणे हाच शहाणपणाचा व्यवहार ठरतो.