वर्तनवाद आणि वर्गातील अध्यापन

शिक्षकाने शिकविले म्हणजे विद्यार्थी शिकला, असे सामान्यतः गृहीत धरले जाते. परंतु अध्ययन खरोखर घडले की नाही, हे विद्यार्थ्याच्या वर्तनात झालेल्या बदलावरूनच ओळखावे लागते. या विचारावर उभ्या असलेल्या अध्ययन-उपपत्तीस वर्तनवाद म्हणतात. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ जॉन वॉटसन यांनी १९१३ मध्ये ही भूमिका मांडली. मनात काय चालते याचा तर्क करण्यापेक्षा जे पाहता व मोजता येते त्याचा अभ्यास करावा, असा त्यांचा आग्रह होता.

प्रयोगांचा पाया

रशियन शरीरक्रियाशास्त्रज्ञ पाव्हलॉव्ह यांनी कुत्र्यांना अन्न देण्यापूर्वी ठरावीक ध्वनी वारंवार ऐकविला. पुढे नुसत्या ध्वनीनेही त्यांना लाळ सुटू लागली. यास अभिजात अभिसंधान म्हणतात. थॉर्नडाइक यांनी १८९८ मध्ये पेटीत कोंडलेल्या मांजरांवरील प्रयोग प्रसिद्ध केले. ज्या हालचालीने सुटका होई, तीच मांजर पुढे लवकर करी. यातूनच परिणामाचा नियम सिद्ध झाला. स्किनर यांनी हा विचार पुढे नेला. ज्या वर्तनामागोमाग इष्ट फळ मिळते ते दृढ होते, यास त्यांनी प्रबलन म्हटले.

वर्गातील उपयोग

१९५३ मध्ये स्किनर आपल्या मुलीच्या शाळेत गणिताचा तास पाहण्यास गेले. तेथे दोन दोष त्यांच्या ध्यानात आले. उत्तर बरोबर की चूक हे मुलांना लगेच कळत नव्हते, आणि सर्वांना एकाच गतीने पुढे जावे लागत होते. त्यावर उपाय म्हणून त्यांनी अध्यापन यंत्र तयार केले. पाठ्यांशाचे लहान टप्पे, प्रत्येक टप्प्यावर विद्यार्थ्याचा प्रतिसाद, त्याची तत्काळ पडताळणी आणि स्वतःची गती ही क्रमान्वित अध्ययनाची सूत्रे होत. यासाठी यंत्रच हवे असे नाही. पाटीवरील उदाहरण तेथल्या तेथे तपासणे, किंवा मुलांनी जोडीजोडीने एकमेकांची उत्तरे पडताळणे, एवढ्यानेही बरेच साधते.

शिक्षेचा प्रश्न

शिक्षेने वर्तन तात्पुरते दबते. योग्य वर्तन कोणते, हे मात्र त्यातून शिकविले जात नाही. गृहपाठ न करणाऱ्या मुलास वर्गाबाहेर उभे केले आणि त्याला तो तास नकोसाच असेल, तर त्याची सुटकाच होते व गृहपाठ टाळण्याची सवय पक्की होते. नकोशी गोष्ट टळल्याने वर्तन दृढ होण्याच्या या क्रियेस ऋण प्रबलन म्हणतात. शिक्षकावरही हाच नियम चालतो. ओरडताच वर्ग शांत होतो, म्हणून ओरडणे वाढते. शिवाय छडी आणि गणित वारंवार एकत्र आले की गणिताचेच भय बसते. पाव्हलॉव्ह यांच्या प्रयोगाचे हे दुःखद रूप होय. बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम, २००९ याच्या कलम १७ ने शारीरिक शिक्षा व मानसिक छळ यांस मनाई केली आहे. त्यामागील मानसशास्त्र शिक्षकांनी व पालकांनी समजून घेतल्यास कायद्याचे पालन केवळ धाकापोटी होणार नाही.

मर्यादा

वर्तनवाद ही परिपूर्ण उपपत्ती नव्हे. मूल पूर्वी न ऐकलेली वाक्ये रचते, ती केवळ प्रबलनातून कशी येतील, असा आक्षेप चॉम्स्की यांनी १९५९ मध्ये घेतला. बक्षिसांचाही अतिरेक घातक ठरतो. लेपर, ग्रीन व निस्बेट यांच्या १९७३ च्या अभ्यासात, आवडीने चित्रे काढणाऱ्या बालकांना प्रशस्तिपत्राचे आमिष दाखविले असता पुढे त्यांची चित्रकलेतील रुची घटल्याचे आढळले. म्हणून पाढे, शुद्धलेखन, स्वच्छतेच्या सवयी यांसाठी वर्तनवादी तंत्र उपयुक्त. आकलन व निर्मितीसाठी मात्र संवाद, अनुभव व विचारस्वातंत्र्य यांची जोड हवी.

शाळेस भेट देणाऱ्या अधिकाऱ्यांनी, पंचायत सदस्यांनी व शाळा व्यवस्थापन समितीने पटसंख्येबरोबरच आणखी एक प्रश्न विचारावा: मुलाच्या योग्य प्रयत्नाची दखल त्याच दिवशी घेतली जाते काय? या प्रश्नाचे होकारार्थी उत्तर मिळण्यास फारसा खर्च लागत नाही. लागते ती जागरूकता.