वॉरंटीतलं इंजिन येणार कधी?

गाडी घेऊन वर्ष-दीड वर्ष झालेलं असतं, बँकेचे हप्ते निम्मेही फिटलेले नसतात आणि एके दिवशी अहमदपूरच्या अलीकडे ऑइलचा लाल दिवा लागतो. इंजिनातून खडखड येते आणि गाडी जागेवर थांबते. टोइंग करून ती लातूरच्या वर्कशॉपमध्ये पोहोचते. तिथं दोन-चार दिवसांत निदान होतं, इंजिन सीझ झालं आहे, बदलावं लागेल. वॉरंटी असल्यामुळे पैसे लागणार नाहीत, असंही सांगितलं जातं. घरच्यांचा जीव भांड्यात पडतो. खरी परीक्षा त्यानंतर सुरू होते, कारण इंजिन फुकट मिळणार असलं तरी ते कधी मिळणार, हे कोणीच सांगत नाही.

मराठवाड्यात ही प्रतीक्षा जास्त जाचते. उदगीर, देवणी, जळकोटच्या माणसाला कंपनीचं वर्कशॉप म्हणजे लातूर किंवा नांदेड गाठावं लागतं. घरातल्या रुग्णाला सोलापूर, पुणे किंवा हैदराबादला न्यायचं तर याच गाडीचा आधार असतो. ती दोन महिने उभी राहिली तर भाड्याच्या गाडीचा खर्च वाढतो आणि त्याच वेळी बंद गाडीचा हप्ताही खात्यातून जात राहतो. विमा सरत जातो. वॉरंटीचे दिवससुद्धा थांबत नाहीत.

उशीर का होतो, हे समजून घेतलं तर वर्कशॉपमध्ये नेमकं काय विचारायचं ते कळतं. इंजिन बदलण्याचा निर्णय डीलर एकटा घेऊ शकत नाही. तो बिघाडाचे फोटो आणि तपासणीचा अहवाल कंपनीला पाठवतो. मोठा खर्च असेल तर कंपनीचा तांत्रिक अधिकारी स्वतः येतो, इंजिन खोलायला लावतो आणि दोष उत्पादनातला आहे की वापरातला, हे ठरवतो. मंजुरी मिळाल्यावर ऑर्डर जाते. ब्रेक पॅडसारखी इंजिनं कोणी गोदामात रचून ठेवत नाही. एकाच मॉडेलमध्ये पेट्रोल आणि डिझेल, साधा गिअर आणि ऑटोमॅटिक असे प्रकार असतात, त्यामुळे नेमकं तेच इंजिन कारखान्याकडून मागवावं लागतं. कधी पूर्ण इंजिन येतं, तर कधी मेकॅनिक ज्याला हाफ इंजिन म्हणतात तेवढंच येतं आणि वरचे भाग जुन्यातले काढून बसवावे लागतात. यातल्या कुठल्या टप्प्यावर गाडी अडकली आहे, हे मालकाला समजलंच पाहिजे. ‘पार्ट आला की कळवतो’ हे उत्तर पुरेसं नाही.

बाहेरून इंजिन आणून स्थानिक गॅरेजमध्ये बसवावं, तर तीही वाट अरुंद आहे. भारतीय स्पर्धा आयोगाने ऑगस्ट २०१४ मध्ये १४ मोटार कंपन्यांना मिळून सुमारे २,५४४ कोटी रुपयांचा दंड ठोठावला होता. अस्सल सुटे भाग आणि दुरुस्तीची तांत्रिक माहिती या कंपन्या खुल्या बाजारात येऊ देत नाहीत, असा आयोगाचा निष्कर्ष होता. कंपन्यांनी त्या आदेशाला आव्हान दिलं. ग्राहक मात्र आजही त्या एकाच दारात उभा आहे.

दोष कारखान्यातला असू शकतो, याचा महाराष्ट्रातला पुरावा नाशिकचा आहे. २०२१ मध्ये महिंद्रा अँड महिंद्राने नाशिकच्या कारखान्यात २१ जून ते २ जुलै या काळात तयार झालेल्या ६०० च्या आत डिझेल गाड्या तपासणीसाठी परत बोलावल्या. कारखान्यात आलेल्या दूषित इंधनामुळे इंजिनाचे भाग झिजले असावेत, अशी शंका होती. तपासणी आणि दुरुस्ती मोफत करू, असं कंपनीने स्वतःहून जाहीर केलं. चूक कबूल करून ग्राहकाला आधी कळवण्याची ही पद्धत योग्यच आहे. १ एप्रिल २०२१ पासून केंद्राचे रिकॉलचे नियमही लागू आहेत. सात वर्षांच्या आतल्या गाडीतल्या सुरक्षेशी संबंधित दोषाची तक्रार मालकाला सरकारच्या वाहन पोर्टलवर नोंदवता येते. अशा तक्रारी ठरावीक प्रमाणात जमल्या की सरकार चौकशी करून गाड्या परत बोलावण्याचा आदेश देऊ शकतं आणि दंड एक कोटी रुपयांपर्यंत जाऊ शकतो.

अमेरिकेतही मोठ्या कंपन्यांची इंजिनं निकामी होतात. टोयोटाने २०२४ मध्ये टुंड्रा आणि लेक्सस मिळून सुमारे एक लाख दोन हजार गाड्या परत बोलावल्या, कारण इंजिन तयार होताना धातूचा कीस आत राहिल्याचा संशय होता. पुढच्या वर्षी जनरल मोटर्सवर जवळपास सहा लाख गाड्यांसाठी तीच वेळ आली. पण तिथल्या मालकाच्या हाती एक कायदा आहे. १९८२ मध्ये कनेक्टिकट राज्याने सुरुवात केली आणि मग इतर राज्यांनीही तसे कायदे केले. नवी गाडी ठरावीक दिवस, अनेक राज्यांत एकूण ३० दिवस, दुरुस्तीत अडकली तर बदली गाडी किंवा पैसे परत मागण्याचा हक्क मालकाला मिळतो. भारतात अशी दिवसांची मर्यादा नाही. ती असायला हवी. मुदत नसलेल्या वचनाचा सगळा भार ग्राहकावर पडतो.

मुदत नाही म्हणून इथला ग्राहक निराधार आहे, असंही नाही. २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा २० जुलै २०२० पासून लागू झाला. त्यात लातूरकरांसाठी सर्वांत मोलाची तरतूद अशी की, गाडी पुण्यात घेतलेली असो वा हैदराबादला, तक्रार आपण राहतो त्या जिल्ह्यात करता येते. ५० लाखांपर्यंत किंमत मोजलेली असेल तर प्रकरण जिल्हा आयोगाकडेच चालतं. किंमत पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क शून्य, दहा लाखांपर्यंत २०० रुपये आणि वीस लाखांपर्यंत ४०० रुपये. वकील लावलाच पाहिजे, असंही नाही. तक्रार ऑनलाइन दाखल करता येते. तीन महिन्यांत, आणि वस्तूची तपासणी लागली तर पाच महिन्यांत, निकाल लावण्याचा प्रयत्न व्हावा, असं कायदा म्हणतो. प्रत्यक्षात वेळ जास्त लागतो, हे धरूनच चालावं. म्हणून आधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवावी, ती थेट कंपनीपर्यंत जाते.

मागणी काय करायची, हेही नीट ठरवावं. रागाच्या भरात ‘गाडीच बदलून द्या’ अशी मागणी होते. पण मारुती उद्योग विरुद्ध सुशीलकुमार गबगोत्रा या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्येच सांगितलं की, वॉरंटीत सदोष भाग दुरुस्त करण्याचं किंवा बदलण्याचं वचन असेल, तर तेवढंच बंधन कंपनीवर येतं आणि पूर्ण गाडी मागता येत नाही. इंजिन ठरावीक तारखेच्या आत बसवून द्यावं आणि उशिराबद्दल भरपाई मिळावी, ही मागणी जास्त टिकते. गोव्यातल्या एका प्रकरणातून आणखी एक गोष्ट शिकण्यासारखी आहे. २००९ ची गाडी २०११ ची म्हणून विकल्याची तिथल्या ग्राहकाची तक्रार होती. डीलरच्या या कृतीची माहिती टाटा मोटर्सला होती हे सिद्ध झालं नाही, म्हणून फेब्रुवारी २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कंपनीला जबाबदारीतून मुक्त केलं. डीलर आणि कंपनी कायद्याने वेगळे धरले जातात. त्यामुळे पहिल्या दिवसापासून पत्र दोघांनाही जायला हवं आणि तक्रारीत दोघांनाही पक्षकार करायला हवं.

हे सगळं उभं राहतं कागदावर. गाडी ज्या दिवशी आत गेली त्या दिवसाचं जॉब कार्ड, त्यावर किलोमीटर आणि बिघाडाचं वर्णन, वॉरंटी क्लेमचा क्रमांक, इंजिनाच्या ऑर्डरची तारीख हे लेखी मागून घ्यावं. फोनवर जे बोलणं झालं, ते त्याच संध्याकाळी ईमेलने पाठवावं. भाड्याच्या गाडीची बिलं जपावीत, कारण भरपाईचा आकडा त्यावरच ठरतो. आणि सर्व्हिसिंगच्या पावत्या! वर्कशॉप लांब म्हणून गावातच ऑइल बदलून घेणारे कितीतरी जण आहेत. काम चांगलं झालेलं असतं, पण नोंद नसते आणि नेमक्या त्याच कारणावरून क्लेम नाकारला जातो.

पावसाळ्याचा मुद्दा वेगळा सांगायला हवा. सप्टेंबर २०२५ च्या अतिवृष्टीत मराठवाड्यात मांजरा आणि तेरणेच्या काठांनी काय हाल झाले, ते सर्वांनी पाहिलं. पाण्यात बंद पडलेली गाडी पुन्हा सुरू करायला गेलं की हवेच्या वाटेने इंजिनात पाणी ओढलं जातं. पाणी दाबलं जात नाही, त्यामुळे कनेक्टिंग रॉड वाकतो. हा उत्पादनातला दोष नाही, म्हणून वॉरंटी लागू होत नाही. साधा विमाही सहसा हे नुकसान देत नाही, त्यासाठी इंजिन संरक्षणाचं जादा कवच घ्यावं लागतं. पाण्यात गाडी बंद पडली तर चावी फिरवू नये, ढकलून बाहेर काढावी.

इंजिन शेवटी आलं, बसलं, गाडी ताब्यात मिळाली, तरी दोन कामं राहतात. पहिलं, नव्या इंजिनाची वॉरंटी किती, हे लेखी घेणं. अनेक कंपन्या बदललेल्या भागाला मूळ वॉरंटीची उरलेली मुदतच देतात, म्हणून वर्कशॉपमध्ये गेलेले दिवस वाढवून मागावेत. दुसरं काम आरटीओचं. इंजिन बदललं की त्याचा क्रमांक बदलतो आणि मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार १४ दिवसांच्या आत ती नोंद आरसीवर करून घेणं मालकाचं काम आहे. विमा कंपनीला आणि कर्ज असेल तर बँकेलाही नवा क्रमांक कळवावा. उशिराच्या भरपाईची तक्रार करायची असेल, तर कायद्याने दोन वर्षांची मुदत आहे.