संकटकाळ आणि साहाय्याची जुळणी

वसंत ऋतूतल्या संध्याकाळी, दिवसभराच्या उकाड्यानंतर जरा गार वाऱ्याला येऊन बसलेल्या श्रोत्यांपुढे पूर, भूकंप आणि वादळे यांचा विषय काढणे रसिकतेला धरून नाही, हे आम्ही जाणतो. तथापि वर्षातला कोणता काळ ह्या विषयाला योग्य, असा विचार केला तर तो हाच ठरतो. आणखी थोड्या दिवसांनी मृग लागेल, नद्या फुगू लागतील, आणि मग ह्या गोष्टी बोलायला कोणालाच सवड राहणार नाही. तहान लागल्यावर विहीर खणू नये, असे आपण मुलांना शिकवतो. ते आज थोडे आपल्यालाही लावून पाहावे, एवढाच ह्या व्याख्यानाचा हेतू आहे.

आरंभ आमच्याच एका चुकीपासून करतो. ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट आपल्यापैकी वडीलधाऱ्यांना आठवत असेल. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती. गणपती पोचवून लोक उशिरा निजले होते. चार वाजायला काही मिनिटे असताना लातूर आणि उस्मानाबाद (म्हणजे आजचे धाराशिव) ह्या जिल्ह्यांच्या सीमेवर, किल्लारीच्या परिसरात धरणी हादरली. भूकंपाची तीव्रता सहाच्या थोडी वर होती. जगात याहून कितीतरी मोठे भूकंप झाले आहेत. परंतु ह्या भागातील घरे दगडमातीच्या रुंद भिंतींची आणि वर मातीचे जड माळवद असलेली. भिंती सुटल्या, माळवदे खाली आली, आणि झोपलेली माणसे झोपेतच गाडली गेली. मृतांची संख्या आठ हजारांच्या घरात गेली.

बातमी कळताच आमच्या गावातही वर्गणीची पेटी फिरली, कपडे गोळा झाले. दोन दिवसांत एका शाळेच्या दोन खोल्या भरल्या. आम्हीही त्या खटपटीत होतो आणि मनातून आम्हांला धन्यताही वाटत होती. ट्रक भरला, नारळ फोडला, ट्रक गेला. तो नेमका कोणत्या गावी जाणार, तेथे कपडे हवे आहेत की पत्रे, उतरवून कोण घेणार, यांतला एकही प्रश्न आम्हांपैकी कोणी विचारला नाही. ट्रकबरोबर गेलेले लोक परतले तेव्हा त्यांनी सांगितले की, रस्त्यालगत जुन्या कपड्यांचे ढीग आधीच पावसात भिजत पडले होते, आमचेही त्यांतच पडले. आडवाटेच्या एका वस्तीवर मात्र पाण्यासाठी भांडी नव्हती. तेव्हापासून एक प्रश्न आमच्या मनात घर करून आहे. लोकांची दानत होती, सरकारची यंत्रणा होती, फौज मदतीला आली होती, देशोदेशींच्या संस्था आल्या होत्या. मग उणे काय होते?

उणे होते ते जुळणीचे. शासकीय भाषेत ज्याला ‘समन्वय’ म्हणतात, ती ही जुळणी. शब्द जड असला तरी वस्तू आपल्या परिचयाची आहे. लग्नघर डोळ्यांपुढे आणा. पाहुण्यांना आणायला स्टेशनवर पाच जण जातात आणि भटजींना आणायला कोणीच जात नाही. पाचही जण कामसूच असतात, पण कोणी काय करायचे हे आदल्या दिवशी ठरलेले नसते. लग्नात याची किंमत थोडा उशीर आणि थोडी रागवारागवी एवढीच असते. आपत्तीत ती माणसांच्या जिवाने चुकवावी लागते.

समन्वय म्हणजे एकाने हुकूम सोडावा आणि बाकीच्यांनी तो पाळावा, असे पुष्कळांना वाटते. ते पूर्णांशाने खरे नाही. सरकारजवळ अधिकार असतो, रस्ते, वाहने, फौज आणि कायदा असतो; परंतु कोणत्या घरात अंथरुणाला खिळलेली म्हातारी आहे, हे त्याला ठाऊक नसते. स्थानिक मंडळांजवळ ही माहिती असते, पण नाव नसते आणि औषधाचा साठा नसतो. बाहेरच्या मोठ्या संस्थांजवळ पैसा आणि अनुभव असतो, पण गावची भाषा नसते. ह्या तिघांच्या उणिवा वेगवेगळ्या आहेत, म्हणूनच त्यांची सांगड घालता येते. ती घालण्यासाठी तीन गोष्टी लागतात : माहिती एका ठिकाणी यावी, कामे आधी वाटलेली असावीत, आणि ज्याच्यासाठी हे सारे चालले आहे त्या माणसाचा आवाज त्या बैठकीपर्यंत पोचावा.

पहिल्या गोष्टीचे चांगले उदाहरण तमिळनाडूत मिळते. २६ डिसेंबर २००४ ला हिंदी महासागरात त्सुनामी उसळली. तमिळनाडूत सुमारे आठ हजार माणसे गेली. त्यांतली सहा हजारांहून अधिक एकट्या नागपट्टिणम् जिल्ह्यातली. थोड्याच दिवसांत त्या लहानशा जिल्ह्यात शेकडो संस्था उतरल्या. तेथे मच्छीमारांत पूर्वीपासून काम करणाऱ्या काही संस्थांनी पुढाकार घेतला आणि जिल्हाधिकाऱ्यांच्या कचेरीतच एक समन्वय कक्ष उघडला. नवी संस्था आली की तिने तेथे जावे, कोणत्या गावी कशाची गरज आहे ते पाहावे, आपण काय करणार ते नोंदवावे आणि मग पुढे जावे, अशी ती पद्धत होती. कोण, काय, कोठे, ह्या तीन रकान्यांचा तक्ता हा जगभरच्या साहाय्यकार्याचा पाया मानला जातो. संयुक्त राष्ट्रसंघाची माणसेही आपत्तीच्या जागी पोचल्यावर आरंभी हाच तक्ता मांडतात. त्याला यंत्र लागतेच असे नाही, फळा आणि खडू पुरतो. मात्र फळा एकच असावा लागतो. दोन फळे झाले की दोन पक्ष झालेच म्हणून समजा.

दुसरी गोष्ट, कामे आधी वाटून ठेवण्याची. येथे आपल्या शेजारच्या बांगला देशाकडे पाहावे लागेल. १२ नोव्हेंबर १९७० च्या रात्री, तो प्रदेश पूर्व पाकिस्तान असताना, तेथे आलेल्या चक्रीवादळात तीन लाखांहून अधिक माणसे समुद्राच्या लाटेने नेली. वादळ येणार हे कळलेले होते. पण त्याला समजेल अशा शब्दांत आणि वेळेवर ते किनाऱ्यावरच्या माणसापर्यंत पोचले नाही. पुढे स्वतंत्र झालेल्या देशाचे सरकार आणि रेड क्रेसेंट संस्था यांनी मिळून चक्रीवादळ-सिद्धतेची एक संयुक्त योजना हाती घेतली. हवामान खात्याने इशारा द्यायचा, तो बिनतारी यंत्रावरून खाली पोचवायचा, आणि गावोगावच्या स्वयंसेवकांनी कर्णे घेऊन दारोदार सांगत फिरायचे. धोका किती जवळ आला हे कळावे म्हणून एक, दोन, तीन असे बावटे उभारायचे. कोण सांगणार, कोण म्हाताऱ्यांना उचलणार, कोण प्रथमोपचार करणार, हे आधीपासून नेमलेले असते आणि त्याची रंगीत तालीम होत असते.

ही योजना जन्मतःच परिपूर्ण होती, असे मात्र नाही. १९९१ च्या एप्रिलात पुन्हा मोठे वादळ आले आणि सुमारे १ लाख ३८ हजार माणसे गेली. निवारे अपुरे होते, आणि पुष्कळ स्त्रिया घर सोडून पुरुषांच्या गर्दीत जायला धजावल्या नव्हत्या. त्यानंतर निवारे वाढवले गेले. पुढे स्वयंसेवकांत स्त्रियाही मोठ्या संख्येने आल्या. आज पाऊण लाखाच्या घरात असलेल्या ह्या दलात जवळजवळ निम्म्या स्त्रिया आहेत. २००७ च्या ‘सिद्र’ वादळात मृतांचा आकडा काही हजारांवर थांबला आणि २०२० च्या ‘अंफान’मध्ये तो शंभराच्याही खाली राहिला. सर्व वादळे सारख्या जोराची नसतात, हे खरे. तरीही लाखांवरून दहांवर आलेला हा आकडा केवळ वाऱ्याच्या कृपेने उतरला, असे कोणी म्हणणार नाही. आपल्याकडे ओरिसाने १९९९ च्या महाचक्रीवादळात दहा हजारांच्या आसपास माणसे गमावली, त्याच वर्षी त्यासाठी स्वतंत्र प्राधिकरण स्थापले, आणि २०१९ च्या ‘फणी’ वादळापूर्वी बारा लाख लोकांना सुरक्षित जागी हलवून दाखवले. हानी झाली, पण मृतांची संख्या शंभरापर्यंत गेली नाही.

तिसरी गोष्ट सर्वांत अवघड आहे, आणि तिच्यासाठी आपल्याला पुन्हा किल्लारीला यावे लागेल. भूकंपानंतर ५२ गावे नव्या जागी वसवण्यात आली. अनेक संस्थांनी एकेक गाव दत्तक घेतले. घरांचे क्षेत्रफळ जमिनीच्या मालकीवरून ठरले : भूमिहीन आणि अल्पभूधारकांना २५० चौरस फूट, मधल्यांना ४५०, मोठ्या शेतकऱ्यांना ७५०. नवी गावे पुष्कळ ठिकाणी शहरी वसाहतीसारखी सरळ रेषांत आखली गेली. घरे मजबूत होती, यात शंका नाही. परंतु जनावरे बांधायची कोठे, कडबा रचायचा कोठे, भावकी एकमेकांजवळ कशी राहील, हे आराखडा काढणाऱ्याला सुचण्याजोगे प्रश्न नव्हते. ते तेथे राहणाऱ्या बाईलाच सुचले असते, पण तिला विचारायचे कोणी?

पुढे ज्या गावांत घरे पडली नव्हती, नुसती तडकली होती, तेथे दुरुस्तीचे काम निघाले. लोकांच्या मनात दगडी भिंतींची धास्ती बसली होती आणि काम अडले. तेव्हा शासनाने एका स्वयंसेवी संस्थेच्या साहाय्याने हजाराहून अधिक गावांत महिला मंडळांतल्या स्त्रियांना ‘संवाद सहायक’ म्हणून नेमले. सरकारी योजना काय आहे, पैसा कसा मिळतो, भिंत कशी सांधावी, हे त्या घरोघर समजावीत आणि लोकांच्या अडचणी वर कळवीत. अडलेली दुरुस्ती मार्गी लागण्यात त्यांचा मोठा वाटा होता. समन्वयाचा हा दुवा कोणत्याही मोठ्या बैठकीत सापडला नसता. तो गावात होताच, फक्त त्याच्याकडे कोणाचे लक्ष गेले नव्हते.

येथे एक शंका रास्तपणे येईल. सर्वांनी सरकारच्या फळ्यावर नाव लिहायचे, तर संस्थांचे स्वातंत्र्य काय राहिले? ही शंका आम्ही क्षुल्लक मानत नाही. मदतीच्या वाटपात जातीपातीचा भेद झाल्याच्या तक्रारी गुजरातच्या २००१ च्या भूकंपानंतर आणि त्सुनामीनंतरही आल्या, आणि त्या पुढे आणल्या त्या स्वतंत्र संस्थांनीच. म्हणून जुळणी म्हणजे मिंधेपणा होता कामा नये. संस्थेने आपले काम कळवावे, पण डोळे आणि तोंड उघडे ठेवावे. सरकारनेही टीका ऐकून संस्थेला फळ्यावरून पुसून टाकू नये. उलट पक्षी, संस्थांनीही एक मोह सोडला पाहिजे. छायाचित्र चांगले यावे म्हणून रस्त्यालगतचे गाव निवडायचे आणि दात्याच्या नावाची पाटी आधी लावायची, हा तो मोह. आम्ही नारळ फोडला तेव्हा तो आमच्याही मनात होता, हे कबूल केले पाहिजे.

आपल्या देशात २००५ साली आपत्ती व्यवस्थापनाचा कायदा झाला. त्याप्रमाणे प्रत्येक जिल्ह्यात प्राधिकरण असते, जिल्हाधिकारी त्याचे अध्यक्ष आणि जिल्हा परिषदेचे अध्यक्ष सहअध्यक्ष असतात, आणि जिल्ह्याचा आराखडाही तयार करावा लागतो. म्हणजे बैठकीची जागा कायद्याने ठरवून दिलेली आहे. तिच्यावर कोण येऊन बसते, हा प्रश्न उरतो. नदी तर जिल्ह्याची आणि राज्याची सीमाही मानत नाही. २०१९ च्या ऑगस्टात कोल्हापूर-सांगलीला पुराने वेढले, तेव्हा आलमट्टी धरणातून किती पाणी सोडावे, हा दोन राज्यांमधला वादाचा विषय झाला होता. असे प्रश्न पाणी चढत असताना नव्हे, धरण रिकामे असताना बसून सोडवायचे असतात.

आता गावकरी म्हणून आपण काय करावे? आपल्या गावात तालीम आहे, गणेश मंडळे आहेत, महिला मंडळ आहे, डॉक्टरांची आणि व्यापाऱ्यांची संघटना आहे. पावसापूर्वी ह्या सर्वांनी एकदा एकत्र बसावे आणि तहसील कचेरीतल्या संबंधित माणसालाही बोलवावे. पट्टीचे पोहणारे किती, नावा कोणाच्या, उंचावरची शाळा कोणती, तिची किल्ली रात्री कोणाजवळ असते, नदीकाठच्या कोणत्या घरांत म्हातारी, आजारी, बाळंतीण आहेत, याची यादी करावी आणि तिची एक प्रत सरकारकडे, एक आपल्याकडे ठेवावी. दर वर्षी ती तपासावी, कारण माणसे बदलतात आणि किल्ल्याही बदलतात. दूरच्या संकटाला मदत पाठवायची झाल्यास आधी तेथे कशाची गरज आहे ते विचारावे. पुष्कळदा कपड्यांपेक्षा पैसा अधिक उपयोगी पडतो, कारण त्यातून तेथल्या तेथे हवी ती वस्तू घेता येते.

यांत कोणतेही मोठे शास्त्र नाही, हे आपल्या ध्यानात आलेच असेल. अडचण एवढीच की, संकट नसताना हे काम निरस वाटते आणि संकट आल्यावर त्याला वेळ राहत नाही. आमच्या त्या ट्रकला आज बरीच वर्षे झाली. तो पुन्हा भरायची वेळ न येवो. आलीच, तर निघण्यापूर्वी तो कोठे चालला आहे, हे आपल्याला सांगता यावे.