लिनक्स अपडेट केलं आणि लॅपटॉप सुरूच होईना? फॉरमॅट मारायची घाई नको
रात्री उबुंटू अपडेट केलं, सकाळी बटण दाबलं तर स्क्रीन काळी. नाहीतर 'कर्नल पॅनिक' असं काहीतरी लिहून आलेलं. दुकानात नेलं की ठरलेलं वाक्य ऐकायला मिळतं, "फॉरमॅट मारावा लागेल." म्हणजे प्रोजेक्ट, फोटो, हिशोब सगळं गेलं.

पण बऱ्याचदा याची गरजच नसते.

कर्नल म्हणजे हार्डवेअर आणि बाकीची सिस्टीम यांना जोडणारा गाभा. नवा कर्नल आला तरी जुना लगेच पुसला जात नाही, तो डिस्कवर तसाच असतो. फेडोरामध्ये तर साधारणपणे 3 कर्नल ठेवले जातात. आणि कर्नल अपडेट तुमच्या फायलींना हातही लावत नाही.

मग करायचं काय? लॅपटॉप सुरू करताना कंपनीचा लोगो दिसला की एस्केप दाबायचं. जुन्या बायोसवाल्या मशीनवर शिफ्ट दाबून धरायचं. ग्रबचा मेनू येतो. (एस्केप जास्त वेळा दाबलं गेलं तर नुसता 'ग्रब' लिहिलेला प्रॉम्प्ट येतो. घाबरू नका, मशीन बंद करून पुन्हा प्रयत्न करा.) मेनूत 'ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स फॉर उबुंटू' निवडायचं आणि आधीच्या आवृत्तीचा कर्नल घ्यायचा.

सुरू झालं? मग आधी महत्त्वाच्या फायली पेन ड्राइव्हवर घ्या. दुरुस्ती नंतर.

'अनेबल टू माउंट रूट' असा मेसेज आला असेल, तर पहिला संशय बूट पार्टिशनवर. ते लहान असतं. जुने कर्नल साठून ते भरलं, की इनिटरामएफएस नावाची फाइल अर्धवट राहते किंवा बनतच नाही. तिच्याशिवाय नव्या कर्नलला डिस्क सापडत नाही. अशा वेळी 'सुडो एपीटी ऑटोरिमूव्ह' चालवून नको असलेले कर्नल काढायचे आणि नव्या कर्नलसाठी ती फाइल पुन्हा बनवून घ्यायची. बूट फोल्डरमधल्या फायली हाताने डिलीट करणं मात्र अंगाशी येतं.

स्क्रीन नुसतीच काळी राहत असेल आणि मशीनमध्ये एनव्हिडियाचं कार्ड असेल, तर ड्रायव्हर तपासा. त्याचं मॉड्यूल प्रत्येक कर्नलसाठी वेगळं लागतं. ते बनलं नसेल किंवा सिक्युअर बूटने अडवलं असेल, तर 'ॲडिशनल ड्रायव्हर्स'मधून ड्रायव्हर पुन्हा टाकायचा.

जुना कर्नलही चालत नसेल, तर प्रश्न डिस्कचा असू शकतो. तेव्हा लाइव्ह यूएसबीवरून मशीन सुरू करून आधी फायली काढून घ्यायच्या. डिस्क एन्क्रिप्ट केलेली असेल तर तिचा पासवर्ड जवळ ठेवा.